लागेल कधीतरी

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक आईचा. त्याचा जाहीरनामा दोन शब्दांचा, ‘लागेल कधीतरी’. दुसरा बायकोचा. त्याचाही दोनच शब्दांचा, ‘टाकून द्या’. गेली बावीस वर्षं मी या दोन्हींच्या मधे अपक्ष म्हणून तग धरून आहे. आईने ठेवलेलं मी टाकत नाही, बायकोने टाकलेलं परत आणत नाही, आणि माळ्यावर नक्की काय काय आहे असं कुणी विचारलं तर गुडघेदुखीचं कारण पुढे करतो.

यंदाच्या मे महिन्यात मात्र मला उघड पक्षांतर करावं लागलं. निमित्त झालं मातीचं.

भाची सुट्टीला नाशिकहून आली. वय वर्षं अकरा. एसटीतून उतरल्या उतरल्या, पाठीवरची सॅकही न काढता तिने जाहीर केलं, “मामा, या वेळी आपण क्लेची फिल्म करायची.” मी आपलं बरं म्हटलं. पूर्वी ती आली की आम्ही पत्ते कुटायचो, पर्वती चढायचो, एकदा आंब्याची कोयही कुंडीत लावली होती. फिल्म हा त्याच जातीतला उद्योग असेल असं मला वाटलं. रात्री जेवताना तिने नीट समजावून सांगितलं. मातीचा एक माणूस करायचा. त्याचा फोटो काढायचा. मग त्याचा हात केसभर हलवायचा, परत फोटो. परत केसभर, परत फोटो. असे बारा फोटो भरभर दाखवले की एक सेकंद होतो. “सिनेमात चोवीस असतात, पण आपलं बारावर भागतं. दहा सेकंदांची करू. म्हणजे फक्त एकशेवीस फोटो.”

हा ‘फक्त’ मी यापूर्वी फ्लॅट बुक करताना ऐकला होता.

सगळा प्रकार एकोणीस दिवस चालला. त्यातला एक दिवस चित्रीकरणाचा. उरलेले अठरा दिवस आम्ही सामान जमवत होतो.

गोष्ट ठरायला काही फार वेळ लागला नाही. तिच्या पहिल्या मसुद्यात ड्रॅगन होता, अंतराळयान होतं आणि शेवटी एक पूर होता. मी निर्मात्याच्या भूमिकेतून पूर कमी करायला सांगत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून “अगंबाई!” असं ऐकू आलं आणि पाठोपाठ करपलेल्या दुधाचा वास आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ठरलं. एक तात्या. ओट्यापाशी उभे राहून पेपर वाचतायत. गॅसवर दूध. दूध वर येतं, आणखी वर येतं, आणि तात्यांची मान वळेपर्यंत उतू जातं. बस. आपण डोळे लावून बसलो की दूध ढिम्म राहतं आणि नजर जराशी वळली की उसळतं, हा घरोघरचा अनुभव आहे. इथे मात्र ते आमच्या हुकमाने, आम्ही म्हणू तितकंच वर येणार होतं. आयुष्यात प्रथमच माझी दुधावर सत्ता चालणार होती.

पहिला प्रश्न मातीचा. आई म्हणाली, “शाडू आहे की! सोसायटीत गणपती करायचं शिबिर झालं होतं ना, त्यातली उरलेली मी ठेवलीय.” आणि खरोखरच बाल्कनीतल्या डब्यातून प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला शाडूचा गोळा निघाला. पाणी लावून मळल्यावर असा काही मऊसूत झाला की भाची दोन तास उठली नाही. संध्याकाळपर्यंत तात्या तयार. टोकदार नाक, सुटलेलं पोट, पोटावर बंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा हात केसभर हलवायला गेलो, तर हात माझ्या हातात आला. शाडूतलं पाणी उडालं की ती वाळते, आकसते, तडकते. ज्याला एकदा आसनावर बसून दहा दिवस निश्चल राहायचंय त्याच्यासाठी शाडूसारखी माती नाही. आमच्या तात्यांना मान वळवायची होती.

मग आईनेच दुसरा उपाय काढला. कणीक, मीठ, तेल, हळद. हे तात्या वर्णाने जरा पिवळे झाले, पण हात पाहिजे तसा वळायचा. रात्री झाकून ठेवले. सकाळी पाहतो तर तात्यांचा एक कान खिडकीच्या दिशेने निघालेला. मीठ घालूनही मुंग्यांनी वास काढलाच होता. भाची टाळ्या पिटत ओरडली, “मामा, ॲनिमेशन!”

ती गंमत म्हणून म्हणाली, पण किड्यांना घेऊन असा उद्योग खरंच झालेला आहे. व्लादिस्लाव स्तारेविच नावाच्या गृहस्थांना १९१० च्या सुमाराला शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. कॅमेऱ्यासाठी प्रखर दिवे लावले की भुंगेरे निपचित पडत. शेवटी त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय बसवले आणि एकेक चित्र घेत त्यांची झुंज लावून दिली. पुढे १९१२ मध्ये त्यांनी याच पद्धतीने किड्यांच्या संसारातल्या भानगडींवर अख्खा चित्रपट काढला. मी ही हकीकत घरात सांगितली तेव्हा बायको म्हणाली, “आपल्याकडे झुरळं आहेत, पण मी देणार नाही.”

तर खरी वस्तू म्हणजे तेलातली माती. ती वाळतच नाही. इंग्लंडात बाथ या गावी विल्यम हार्बट नावाचे कलाशिक्षक होते. वर्गात मुलांच्या हातात माती वाळून जाते म्हणून त्यांनी १८९७ मध्ये कधीच न वाळणारी माती शोधून काढली. तीच प्लॅस्टिसीन. आप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात तिच्या नात्यातली बारा रंगांची कांड्यांची पेटी मिळते. अशा आठ पेट्या मागितल्यावर दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं. “शाळेसाठी?” म्हणाले. मी “हो” म्हटलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने यावर दुसरं काय म्हणावं? घरी आल्यावर कळलं की आठ पेट्यांतही अंगाच्या रंगाची एकही कांडी नाही. पांढरा, तांबडा, पिवळा आणि किंचित काळा एकत्र मळून तात्यांचा रंग जमवावा लागला. भाचीने तो माझ्या मनगटाला लावून पाहिला. जुळला. त्या क्षणापासून तात्या हळूहळू माझ्यासारखे दिसू लागले आणि त्यांचं पोट कमी करावं असं मी सुचवू लागलो. दिग्दर्शिकेने ऐकलं नाही.

नुसत्या मातीचा माणूस उभा राहत नाही. आत हाडं लागतात, म्हणजे तार. मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. मापाला नाही, वजनाला विकणारी ती आळी. “तार पाहिजे,” म्हटलं. शेटजींनी विचारलं, “किती किलो?” मी म्हणालो, “दोन मीटर.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “काय बांधायचंय?” “माणूस,” मी म्हणालो, आणि तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. खुलासा करायला दहा मिनिटं गेली. पण त्या दहा मिनिटांत शेटजींनी मला जे सांगितलं ते पुस्तकांत शोधून सापडलं नसतं. बांधकामाची बाइंडिंग वायर नको, चारदा वाकवली की पाचव्यांदा तुटते. ॲल्युमिनियमची घ्या, ती वाकते तिथे राहते. तीही एकेरी नको, दुहेरी पीळ द्या. “आणि विकत कशाला घेता? घरात जुन्या सर्व्हिस वायरचा तुकडा असेल, तो सोला.” गिऱ्हाइकाला माल न घेण्याचा सल्ला देणारा दुकानदार मी त्या दिवशी पाहिला.

घरात तो तुकडा होता. अर्थातच आईकडे.

आता आईच्या डब्याविषयी सांगायला हवं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे, झाकणावरचं चित्र केव्हाच पुसलेलं. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे सांगणं सोपं. शर्ट फाटला की आई आधी बटणं काढून घेते, मग त्याचं फडकं करते. मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या, चपलांचे अंगठे, छत्रीच्या काड्या, एका चष्म्याची एक काडी, किल्ल्या. कुलपं कधीच गेली, किल्ल्या आहेत. बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी या डब्याविषयी एकदाच विचारलं होतं, “आई, या किल्ल्या कशाच्या?” आई म्हणाली होती, “कुलूप सापडलं की कळेल.”

तो डबा भाचीसमोर उपडा झाला आणि आईच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षं विरोधी बाकांवर बसलेला माणूस मंत्रिपदाची शपथ घेताना दिसतो तसा भाव आला.

पण आधी मापाचा मुद्दा. हा मला नवा नव्हता, कारण आम्ही दिवाळीत किल्ले केलेली माणसं. किल्ल्यात माप नसतंच. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा महादरवाजापेक्षा उंच, महाराजांच्या सिंहासनाएवढा वाघ, आणि पायथ्याशी प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर. अळीव पेरून उगवलेलं गवत या हिशेबाने नारळाच्या झाडाएवढं होतं. कुणाची काही तक्रार नसायची. भाचीला मात्र हे चालेना. तिने फर्मान काढलं, “सगळं एकास दहा.” खरा माणूस १७० सेंटिमीटर, तर तात्या १७. मग टेप घेऊन आमच्या स्वयंपाकघराची मोजणी सुरू झाली. ओटा ८५ सेंटिमीटर, म्हणून साडेआठ. खिडकी, कट्टा, नळाची उंची, फडताळाची खोली. या घरात मी बावीस वर्षं चहा पितोय, पण ओट्याच्या कडेला दगडाचा एक टवका उडालाय आणि तो बायकोने काळ्या नेलपॉलिशने बुजवलाय, हे मला त्या दिवशी गुडघ्यांवर बसून मापं घेताना कळलं. सेटवर तो टवका आम्ही केला. नेलपॉलिशसकट.

तुळशीबागेतून भातुकली आणावी म्हणून गेलो, तर तिथली पातेली तात्यांच्या पुढे लग्नाच्या पंगतीची वाटली. तो बंब, तो हंडा पाहून मला मोह झाला होता, पण दिग्दर्शिकेने तिथल्या तिथे खिशातून तात्यांचा सांगाडा काढला, पातेल्याशेजारी उभा केला आणि मान हलवली. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “हे काय गं? तारेचं भूत?” आम्ही हात हलवत परत आलो.

आणि मग डब्यातून एकेक गोष्ट निघत गेली. दुधाच्या पातेल्याला आईचं अंगुस्तान. पोलादी, अंगभर ठोक्यांचे खळगे, हुबेहूब जुनं पोचे आलेलं पातेलं. त्याचं बूड गोल असल्याने खाली चिमूटभर माती लावली. गॅसच्या बर्नरला शिवणयंत्राची बॉबिन, तिला आयती भोकं असतात. ज्योतीसाठी चॉकलेटची निळी चांदी बारीक कातरून बॉबिनच्या कडेला. भिंतीच्या टाइल्स म्हणजे ग्राफ पेपर, सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे दहा सेंटिमीटरची एक टाइल, हिशेब आपोआप जुळला. आणि ताटाळं! ते तर भाचीने शोधलं. दात पडलेला एक कंगवा उलटा भिंतीला लावायचा आणि दातांच्या मधे टिचबटणं उभी करायची. दुरून पाहिलं तर घासून पालथी लावलेली ताटं. आई बराच वेळ ते पाहत होती. मग तिने डब्यातून आणखी एक बटण काढलं, थोडं मोठं, आणि शेवटच्या फटीत बसवलं. “परात राहिली होती,” म्हणाली.

वॉलेस आणि ग्रोमिट ही मातीची जोडी घडवणारे निक पार्क तेरा वर्षांचे असताना आईच्या हौशी कॅमेऱ्यावर पहिल्या फिल्म करायला बसले, तेव्हा त्यांनीही आईची शिवणाची रिळंच उचलली होती. म्हणजे प्रेस्टन काय आणि पुणे काय, या धंद्याला सुरुवात आईच्या शिवणाच्या डब्यातूनच होते. याच पार्कसाहेबांनी फिल्म स्कूलमध्ये असताना १९८२ च्या सुमाराला ‘अ ग्रँड डे आउट’ करायला घेतली, ती पुरी झाली १९८९ मध्ये. तेवीस मिनिटांची फिल्म. पुढे तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ती हरली ती त्यांच्याच दुसऱ्या मातीच्या फिल्मपुढे. हा तपशील मी घरात सांगितला नाही. सात वर्षांचा आकडा बायकोच्या कानावर गेला असता तर अठरा दिवसांचीही मुदत मिळाली नसती.

तशी कुरबूर सुरू झालीच होती. टीपॉयवर सेट, सोफ्यावर सामान, डायनिंग टेबलावर कापलेले पुठ्ठे. पुठ्ठ्यांचीही एक कहाणी आहे. आमच्या नव्या वॉशिंग मशीनचं खोकं बायकोने पंधराच दिवसांपूर्वी रद्दीत घातलं होतं, वीस रुपयांना. मी धावत रद्दीच्या दुकानात गेलो. खोकं तिथेच होतं. “साठ रुपये,” तो म्हणाला. “अरे, आमच्याकडून तर वीसला घेतलंस!” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, घेताना वजनावर असतं, देताना गरजेवर.” साठ दिले. आईला हे कळल्यावर ती काही बोलली नाही. फक्त जेवताना मला एक आंबा जास्त कापला.

कुरबूर वाढल्यावर भाचीने थेट दादासाहेब फाळक्यांना मधे आणलं. ती नाशिकची. पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे, तिथे तिची शाळेची सहल गेली होती. ती मामीला सांगू लागली की, फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केलं, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून रोज त्याची थोडी थोडी वाढ टिपत राहिले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात रोप झाला. तेच दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. १९१५ मध्ये तर त्यांनी आगकाड्या अशाच एकेक चित्र घेत नाचवल्या, ‘आगकाड्यांची मौज’. मला त्या वाटाण्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. महिनाभर त्या घरात कुणीही ती कुंडी झाडताना सरकवली नाही. हे खरं आश्चर्य. आमची आंब्याची कोय तर तिसऱ्या दिवशी ‘काय घाण ठेवलीय’ म्हणून गेली होती.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फाळक्यांच्या सरस्वतीबाईंनी त्या सिनेमापायी अंगावरचे दागिने दिले होते, तेही वाचलंय मी. माझ्याकडून दागिन्यांची अपेक्षा ठेवू नका. टीपॉय घ्या.” एवढं बोलून ती आत गेली आणि जाताना खोलीतला पंखा चालू करून गेली. ग्राफ पेपरच्या सगळ्या टाइल्स उडाल्या.

सेटचा पाया म्हणून टीपॉयवर आम्ही पाट ठेवला. जुना शिसवी, पितळी फुल्यांचा, आजोबांच्या पंगतीतला. त्यावर खिळा मारायचा नाही ही आईची एकच अट. त्यामुळे जमीन दुपदरी पुठ्ठ्याची करून पाटाला चिकटपट्टीने घट्ट बांधली आणि तात्यांच्या पायातून टाचण्या पुठ्ठ्यात रोवल्या. तात्यांचे पाय बेढब मोठे केले ते सौंदर्यदृष्टी नसल्यामुळे नव्हे. पाय लहान असले की तात्या तोंडावर पडतात. डोक्यात तर चक्क चुरगाळलेला फॉइलचा गोळा आहे, वरून मातीचा पातळ थर, म्हणजे मानेवर भार नको. डोळे मोत्याच्या माळेतले मणी. मण्याच्या भोकात टाचणीचं टोक घालून फिरवलं की तात्या डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. भाचीने हे करून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा ते जिवंत वाटले, आणि मी नकळत विचारलं, “तात्या, काय म्हणता?” कुणी हसलं नाही. आम्ही सगळेच त्या वेळी थोडे पुढे गेलो होतो.

मे महिन्याने मात्र छळलं. दुपारी माती इतकी मऊ व्हायची की तात्या खांद्यातून ढासळू लागायचे. मग त्यांना फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी मामीने कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला की आतून एक माणूस तिच्याकडे बघायचा. आणि बाहेर काढलं की गारठलेल्या अंगावर हवेतलं बाष्प जमून त्यांना दरदरून घाम फुटायचा. उतू जाणाऱ्या दुधापाशी उभ्या असलेल्या माणसाला घाम फुटावा हे अभिनयाच्या दृष्टीने चांगलं होतं, पण पुढच्या फोटोपर्यंत तो वाळायचा.

शेवटी चित्रीकरणाचा दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता खिडक्यांना वर्तमानपत्रं लावली, कारण वळवाचे ढग येऊन जाऊन होते आणि उन्हाची एक तिरीप कमी-जास्त झाली की फिल्ममध्ये विजा चमकतात. दोन टेबललॅम्प, पुढे बटर पेपर. पंखा बंद. मला गडद रंगाचा शर्ट घालायला लावला, कारण पांढऱ्या बनियनवरचा उजेड तात्यांच्या तोंडावर पडतो. फोन लोखंडी खलबत्त्याला रबरबँडांनी आवळून बांधला. फोनला हात लावला तरी हलतो, म्हणून इयरफोन जोडून त्याचं आवाज वाढवायचं बटण दाबायचं, फोटो निघतो. शिवाय फोन फार उत्साही. दर फोटोला उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करू पाहतो, त्याला तिथल्या तिथे कुलूप घालावं लागतं. हे सगळं भाचीला येत होतं. माझ्याकडे दोन कामं होती, हुकूम झाला की बटण दाबणं आणि शिंक आली तर दुसऱ्या खोलीत जाणं.

पहिले साठ फोटो पेपर वाचण्यात गेले. मग दूध. पांढरी माती सगळ्यात त्रासाची, बोटाला तात्यांच्या बंडीचा तांबडा रंग जरा लागला की दुधात केशर दिसायचं. दर वेळी ओल्या रुमालाने हात पुसायचे, मग ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी माती अंगुस्तानात वर चढवायची. फोटो. आणखी एक दाणा. फोटो. मधे एक बुडबुडा, तो फुटला असं दाखवायला नखाने खळगा. दूध काठाशी आलं तेव्हा खोलीत कुणी श्वासही घेत नव्हतं. खरं दूध वर येताना मी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. ते सरळ चढत नाही, आधी कडेकडेने वर येतं, मधे खोलगट राहतं, मग एकदम घुमटासारखं फुगतं. हे आईने सांगितलं. साठ वर्षं दूध तापवलेल्या बाईला विचारावं लागलं नाही, ती मागे उभी राहून म्हणाली, “आता मधून वर घे.”

चौऱ्याहत्तराव्या फोटोनंतर मामी आमरसाच्या वाट्या घेऊन आली आणि टीपॉयला तिचा पाय लागला. दोन मिलिमीटरचा भूकंप झाला. तो फिल्ममध्ये आहे. ओट्यावर ओघळलेल्या दुधासाठी मी मोठ्या हुशारीने फेविकॉल सुचवलं होतं, दिसायला अगदी दुधासारखं. सांडलं, पाच-सहा फोटो झाले, आम्ही जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर सांडलेलं दूध गायब. फेविकॉल वाळलं की पारदर्शक होतं हे मला माहीत होतं, पण फार पूर्वी, शाळेत. तिथून पुढचं सगळं पांढऱ्या मातीने परत केलं.

संध्याकाळी साडेपाच वाजता एकशेविसावा फोटो झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची भाचीची एसटी. रात्रीच मामीने बॉबिन मशीनला लावली, कारण साडीचा फॉल राहिला होता. अंगुस्तान धुऊन डब्यात गेलं. टाइल्स कचऱ्यात. तात्या मात्र दमून पाटावर आडवे होते.

सकाळी चहाच्या वेळी भाचीने टीव्हीला फोन जोडला. दहा सेकंद. तात्या पेपर वाचतायत, दूध वर येतंय, भूकंप होतो, तात्यांचे डोळे फिरतात, मान वळते आणि फस्सकन दूध ओट्यावर. आम्ही ओरडलो. परत लावली. तिसऱ्यांदा पाहताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं.

भिंतीवर घड्याळ होतं. बाबांचं एचएमटीचं मनगटी घड्याळ, पट्टा काढलेलं. तबकडी साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे एकास दहाने अगदी भिंतीवरच्या घड्याळाएवढी, म्हणून ते डब्यातून काढून लावलं होतं. चावीचं घड्याळ. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून कुणी चावी दिली नव्हती. चित्रीकरणाच्या सकाळी भाचीने सहज म्हणून दिली असावी. तात्या दहा सेकंद पेपर वाचतात आणि मागच्या भिंतीवर नऊचे साडेपाच होतात. काटे गरागरा फिरतात, भूकंपालाही न थांबता.

भाचीने जीभ चावली. “चुकलंच. मला वाटलं, बंदच पडलंय ते.”

आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. “यांचं चालतंय की अजून,” म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आणि गॅस कोण बंद करणार?”

“आजी, फिल्म संपली तिथे.”

“अशी कशी संपली? दूध उतू गेलं म्हणजे ज्योत विझली असणार. घरभर गॅस सुटलाय आणि हा शहाणा पेपर धरून उभा आहे.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाकडे. आठ वाजून दहा. एसटी दोनची. “हात बटणापर्यंत जायला किती फोटो लागतील?” मी विचारलं.

“अठरा.” तिने तात्यांचं पोट दाबून पाहिलं. “चोवीस धरू.”

मामी काही न बोलता उठली आणि मशीनमधून बॉबिन काढून घेऊन आली. मी कचऱ्यातून टाइल्स उचलू लागलो. आईने डब्यातून घड्याळ काढलं. आधी कानाला लावलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं, मग भाचीच्या हातात दिलं.

“साडेपाचच्या पुढे लाव. आणि आटपा लवकर, गॅस सुटलाय.”